मेलला आवक नंबर

सप्तपर्णी फुलली की माझं डोकं दुखतं आणि तोंड सुटतं. दोन्हींना इलाज नाही. घोडबंदर रोडवरच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बिल्डरने ओळीने सप्तपर्णीच लावून ठेवल्यात. ऑक्टोबर लागला की संध्याकाळी तो उग्र वास थेट अकराव्या मजल्यापर्यंत चढतो. पाऊस गेलेला, थंडी यायची, आणि मधल्या मधे हा उकाडा. खिडकी उघडावी तर वास आणि खाली अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न, लावून घ्यावी तर जीव गुदमरतो. लोक श्रावणावर लिहितात, वसंतावर लिहितात. ऑक्टोबरच्या उकाड्यावर कुणी प्रेमाने लिहिलेलं निदान माझ्या तरी वाचनात नाही. मग मीच लिहिते. आयुष्यातला एकच ऋतू मला ताठ मानेने आठवतो, आणि तो हा आहे.

निमित्त झालं परवाचं. माझी मुलगी ऋजुता हॉलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. तिच्या साहेबाने तिला एक काम अमुक पद्धतीने करायला सांगितलं, तिने ते तसंच केलं, आणि आता तोच साहेब म्हणत होता की मी असं सांगितलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, अगं, त्याने लिहिलेलं असेल ना, दाखव की त्याला. तर ती म्हणाली, चॅटमधलं सगळं सात दिवसांनी आपोआप उडतं, कंपनीची पॉलिसीच आहे तशी. माझं लाटणं हातात तसंच राहिलं. 'आपोआप' या शब्दावर माझा जुना राग आहे. आपोआप काही होत नसतं. दूध उतू जातं तेसुद्धा कुणाचं तरी लक्ष नसतं म्हणून. मी तिला म्हटलं, साहेबाकडून लेखी माग. ती हसली आणि म्हणाली, आई, तुझं ते आवक-जावक आता कुठेच राहिलं नाही. राहिलं नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ते कसं गेलं हे तिला ठाऊक नाही, मला आहे.

तेव्हा आम्ही वर्तकनगरला राहायचो आणि मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, मानपाड्याजवळ, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. रंगाचे डबे, तेलाचे डबे, बिस्किटांचे डबे. सकाळी सव्वासातला नाक्यावर कंपनीची बस यायची. शीळफाटा ओलांडला की रस्त्याच्या कडेचं गवत पिवळं पडत चाललेलं दिसायचं, आणि बसच्या पत्र्याला आठ वाजताच हात लावता येऊ नये इतकं ऊन असायचं. एमआयडीसीच्या तोंडाशी एक नाला होता. त्याचं पाणी आज कुठल्या रंगाचं असणार यावर बसमध्ये पैजा लागायच्या. हरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मी दोनदा जांभळ्यावर जिंकले.

माझं काम आवक-जावकचं. कंपनीत बाहेरून किंवा आतून कुठलाही कागद आला की तो आधी माझ्या हाताखालून जायचा. त्यावर मी गोल शिक्का मारायचे, तारीख घालायचे, पुढचा नंबर घालायचे, लांबलचक रजिस्टरात एका ओळीत विषय लिहायचे आणि तो कागद ज्या खात्यात जाईल तिथल्या माणसाची सही घ्यायचे. जांभळ्या शाईने माझा उजवा अंगठा कायम रंगलेला असायचा. हळदीकुंकवाला गेले की बायका विचारायच्या, मराठेबाई, मतदान करून आलात का? असलं काम करणाऱ्या माणसाला कुणी मोठं म्हणत नाही. पण माझ्या सहीशिवाय त्या कंपाउंडमध्ये कागदाचा कपटा हलत नव्हता, आणि याचा मला माज होता. माजच म्हणते मी.

त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला मॅनेजरसाहेबांनी एक नोटीस टाइप करायला दिली. 'कंपनीत इंट्रानेट सुरू होत आहे.' इंटरनेट म्हणजे काय ते मला माहीत होतं. साहेबांच्या केबिनमध्ये तो एकच कॉम्प्युटर होता. तो टेलिफोनच्या तारेवरून किंचाळत किंचाळत जोडला जायचा, आणि जोडलेला असला की कंपनीचा फोन लागायचा नाही. इंट्रानेट मात्र मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, साहेबांच्या हातून चूक झाली. मी तीनही ठिकाणी सुधारून 'इंटरनेट' केलं आणि नोटीस बोर्डावर लावली. दुपारपर्यंत प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या यंत्रांच्या शेडमध्ये, बातमी पसरली की प्रत्येक मशीनला इंटरनेट येणार, आता काम करता करता क्रिकेटचा स्कोअर कळणार. सिस्टिमचं काम बघायला आलेले देसाई धावत माझ्याकडे आले आणि त्यांनी मला समजावलं की इंटरनेट म्हणजे सगळ्या जगाशी जोडलेलं, आणि इंट्रानेट फक्त आपल्या कंपाउंडच्या आतलं. झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे 'बाहेरचं नेट' आणि 'आतलं नेट' हेच शब्द रूढ झाले. मी चूक केली हे मी कबूल करते. पण मी ती केली नसती तर दोन्हींतला फरक कुणालाच कळला नसता, हेही तितकंच खरं.

मग दुसरा वाद निघाला. मेल आला की मेल आली? अकाउंटवाले म्हणायचे आली, कारण चिठ्ठी येते. स्टोअरवाले म्हणायचे आला, कारण कागद येतो. कँटीनमधल्या एकाने विचारलं, मेल किती वाजताची, कल्याणला थांबते का? मी आवक-जावकच्या अधिकारात निर्णय दिला की मेल पुल्लिंगी. कॉलेजात मराठी घेऊन बीए केलेल्या बाईला एवढा तरी हक्क असावा.

मी नव्याला घाबरणारी होते असा समज कुणी करून घेऊ नये. ऋजुताचा तसा समज आहे. उलट आतल्या नेटसाठी टेबलांवर नवे कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्या ऑफिसात आधी मी शिकले. देसाई जेवणाच्या सुट्टीत शिकवायचे, मी डबा खाता खाता शिकायचे. साहेबलोकांपैकी एकाचाही हात त्या कीबोर्डला लागत नव्हता. ते म्हणायचे, बाई, प्रिंट काढून पाठवा. मग आतल्या नेटवरून येणारा प्रत्येक मेल माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उतरायचा, मी त्याचा प्रिंट काढायचे, आणि हाताच्या सवयीने त्यावर शिक्का मारून आवक नंबर घालायचे. पहिल्यांदा देसायांनी हे पाहिलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. म्हणाले, अहो बाई, मेलवर तारीख असते, वेळ असते, मिनिटसुद्धा असतं. त्याला शिक्का कशाला? मी म्हटलं, माझ्या हाताखालून गेलं की त्याला नंबर पडतो. ही गोष्ट ऑफिसभर झाली. कुणी शिंकलं की दुसरा म्हणायचा, बाई, आवक करून घ्या. दसऱ्याच्या शुभेच्छांचा मेल आला, मी त्यालाही नंबर घातला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हसा म्हटलं.

त्याच सुमारास हुकूम निघाला की मशीनच्या तक्रारींच्या गुलाबी चिठ्ठ्या बंद. तक्रार असेल तर फोरमनच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून मेल पाठवायचा. आता प्रेसशॉपमधली माणसं इंग्रजी कुठून लिहिणार? ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. 'प्रेस बंद आहे' असं कुणी लिहिलं की साहेब 'प्रेस बँड' वाचायचे आणि विचारायचे, कसला बँड? मी भाषांतर करून द्यायचे.

मोहन घाग प्रेस नंबर चारवर होता. चिपळूणकडचा, माझ्याच वयाचा, मानपाड्याला भाड्याच्या खोलीत राहणारा, फारसं न बोलणारा. पत्रा कापणाऱ्या प्रेसला पुढे एक जाळी असते. जाळी बंद असल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही, असं ते असतं. चार नंबरची जाळी सैल झालेली, मधेच सुटायची आणि तरी प्रेस खाली यायचा. घागने एका बोटाने अक्षर शोधून शोधून मेल लिहिला. जेवणाची अर्धी सुट्टी त्यातच गेली. मग तो हात पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मेल आला काय माझा?" आलेला होता. मी प्रिंट काढला, शिक्का मारला, नंबर घातला, रजिस्टरात लिहिलं, 'प्रेस क्र. ४, जाळी सुटते,' आणि मेंटेनन्सच्या साहेबांची सही घेऊन तो त्यांच्या हातात दिला, एक प्रत नेहमीसारखी माझ्या फायलीत लावली. घाग ते सगळं बघत उभा होता. आपण लिहिलेल्या अक्षरांना नंबर पडला याचं त्याला फार बरं वाटलेलं दिसलं. जाळी दुरुस्त करायला कुणीही आलं नाही.

बारा दिवसांनी त्याच प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. त्या दुपारी प्रेसशॉपचा आवाज थांबला आणि ती शांतता ऑफिसपर्यंत चालत आली, एवढंच आठवतं. मला रडू आलं नाही, राग आला. माझ्या हाताखालून गेलेला कागद होता तो.

घाग दवाखान्यात असतानाच चौकशी लागली. चौकशी कशाची, तर घागची. म्हणे काम पटापट उरकावं म्हणून त्याने स्वतःच जाळी काढून ठेवली होती आणि त्याने तक्रार कधी केलेलीच नव्हती. हे सिद्ध झालं असतं तर दोन बोटं गेलेला माणूस बेजबाबदारपणाच्या शिक्क्यासकट घरी गेला असता. त्या हाताला दुसरीकडे कुणी काम दिलं असतं? मी कॉम्प्युटर उघडला. घागचा मेल नव्हता. मागचेपुढचे होते, तो एकटाच नव्हता. मी देसायांना विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले की जागा भरली की कधी कधी जुने मेल आपोआप उडतात. मी विचारलं, मध्यातलाच एक उडतो का? तर म्हणाले, मला विचारू नका, बाई. माणूस वाईट नव्हता. नोकरीत नवा होता आणि घाबरलेला होता. मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. सव्वीस वर्षांत मला त्या केबिनमध्ये कुणी बसा म्हटलं नव्हतं, म्हणून मी उभी राहिले.

"मराठेबाई, ते आवकचं रजिस्टर इथे आणून ठेवा. आता सगळं सिस्टिमवर आहे, त्याची गरज उरलेली नाही."

"लेखी द्या," मी म्हटलं.

"काय लेखी द्या?"

"रजिस्टर जमा करा असा लेखी हुकूम द्या. मी त्याला आवक नंबर घालते, रजिस्टरात नोंद करते आणि मग तेच रजिस्टर तुम्हाला आणून देते."

साहेब हुशार होते. आपला हुकूमही घागच्या तक्रारीच्याच रजिस्टरात नंबरासकट बसणार, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले की तुमच्या यजमानांची कंपनी बंद पडली ना, वागळे इस्टेटमधली? मुलगी कितवीत आहे? त्यांनी हे अगदी आपुलकीने विचारलं. त्या आपुलकीचा अर्थ मला कळला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. आमचं घर तेव्हा माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. मी म्हटलं, मुलगी सातवीत आहे, आणि बाहेर आले.

पुढचे आठ दिवस मी त्या रजिस्टरवर अक्षरशः बसून काढले. खुर्चीत रजिस्टर, त्यावर उशी, उशीवर मी. नोंद करण्यापुरतं ते वर निघायचं, आणि संध्याकाळी माझ्या पिशवीतून घरी यायचं. चहाला उठले नाही. बाथरूमला जायचं तर टेलिफोन ऑपरेटर फर्नांडिसबाईंना खुर्चीत बसवून जायचे, आणि त्या बसायच्या, का म्हणून एकदाही न विचारता. पंखा माझ्या डोक्यावर नव्हता, जाडजूड रजिस्टराने उंची वाढून गुडघे टेबलाला आपटायचे, पाठीला घामाची धार. घरी यांनी एकदाच विचारलं की एवढं ताणणं गरजेचं आहे का? मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझा डबा त्यांनी भरायला सुरुवात केली. मीठ जास्त पडायचं.

चौकशी करायला बाहेरून एक वयस्क वकील नेमले होते. मी साक्षीला उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्या फायलीतला प्रिंट बघितला आणि म्हणाले की असा कागद कुणीही केव्हाही टाइप करू शकतो. बरोबरच होतं ते. मग त्यांनी विचारलं, "ई-मेलला आवक नंबर घालायचा असा नियम कुठे आहे?"

"कुठेही नाही," मी म्हटलं. "माझ्या टेबलावर आहे."

कुणीतरी हसलं. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. घागच्या नोंदीच्या वरची ओळ वीज मंडळाच्या पत्राची होती, खालची ओळ कुरियरने आलेल्या पत्र्याच्या नमुन्यांची. वरचा नंबर, मधला नंबर, खालचा नंबर. तिन्हींपुढे त्या त्या दिवशीच्या सह्या. मधे बोट घालायला जागा नव्हती. त्यांनी चष्मा काढून मेंटेनन्सच्या साहेबांना विचारलं, ही सही तुमची का? त्या खोलीत इतका उकाडा होता की सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले. मेंटेनन्सचे साहेब छताकडे बघत म्हणाले, माझीच.

घागची नोकरी राहिली. हाताला झेपेल असं काम म्हणून त्याला स्टोअरमध्ये घेतलं. बोटं कुणी परत दिली नाहीत, ते कुणाच्या हातातही नव्हतं. पण तो बेजबाबदार नव्हता हे कागदावर आलं, आणि त्याच्या खोलीत, त्याच्या बायकोमुलांसमोर, ही गोष्ट किती मोठी होती ते मी बघून आले आहे.

मला शिक्षा झाली का? झाली की. माझं टेबल ऑफिसातून उचलून पॅकिंगच्या शेडमध्ये टाकलं, वर पत्रा, बाजूला सुतळीचे गठ्ठे. पुढचे सगळे ऑक्टोबर मी तिथे भाजून काढले आणि रिटायर व्हायच्या दिवशीच तिथून उठले, त्याआधी नाही. राजीनामा देईन अशी त्यांची अपेक्षा होती. मी कशी देईन? मी काय चूक केली होती?

आता ती कंपनी नाही. मध्ये एका लग्नाला डोंबिवलीला गेले होते, तेव्हा रिक्षा मुद्दाम तिकडून घेतली. शेड तीच आहे, आत आता ऑनलाइन मागवलेल्या पार्सलांचं गोडाऊन आहे. पोरं प्रत्येक खोक्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांचं स्टिकर लावतात आणि यंत्राने ते टुक टुक वाचतात. मी रिक्षात बसून बघत राहिले. म्हणजे नंबर लागतोच ना? खोक्याला लागतो. कुठल्या माणसाने काय सांगितलं, काय मागितलं, कशाबद्दल ओरडला, ते तेवढं सात दिवसांनी उडायला पाहिजे. हा हिशेब मला समजतो, म्हणूनच माझं डोकं फिरतं. मला कुणी जुन्या वळणाची म्हणो. कॉम्प्युटरने माझं काही वाकडं केलं नाही. त्याच्यातून काय पुसायचं हे ठरवणारी बोटं माणसाचीच होती, आणि ती दहाच्या दहा शाबूत होती.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. सकाळी सकाळी मॅनेजरसाहेबांनी नवी नोटीस पाठवली: आतल्या नेटवरच्या कुठल्याही मेलचा यापुढे प्रिंट काढू नये. ती मीच टाइप केली, या वेळी एकही अक्षर न सुधारता. दोनदा वाचली. प्रिंट काढू नये, असं लिहिलं होतं. नंबर देऊ नये, असं कुठेही लिहिलं नव्हतं. नोटीस बोर्डावर लावली आणि जागेवर येऊन बसले.

जेवणाचा भोंगा झाला. मी डबा उघडला आणि मान वर केली तर दारात प्रेसशॉपची माणसं उभी. दोन नाही, चार नाही, दारापासून जिन्यापर्यंत रांग. अंगाला तेलाचा वास, हातात डबे तसेच, अजून कुणी जेवलेलं नव्हतं. आणि त्या रांगेला शिस्त लावत होता घाग. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हाताने एकेकाला भिंतीशी सरकवत होता. पहिला होता तो सहा नंबरवरचा. म्हणाला, "बाई, मेल टाकलाय. पण आम्हाला नंबर पायजे."

पलीकडच्या टेबलावरची मंडळी जेवायची थांबली. मॅनेजरसाहेबांच्या केबिनचं दार अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं. मी डब्याचं झाकण लावलं, रजिस्टरचं कोरं पान काढलं, तारीख घातली.

"एकेक बोला," मी म्हटलं. "सावकाश. मी सगळ्यांचं लिहून घेणार आहे."